उजव्या बाजूचे चार हजार तीनशे

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. कित्येक वर्षं हे काळजात पुरून ठेवलं आहे, असं पुढचं वाक्य लिहिणार होतो — पण ते खोटं झालं असतं. पुरावं वगैरे काही लागलं नाही. एक माणूस सोडला तर कोणी कधी विचारलंच नाही. हिशेबनीसाला लोक शिल्लक विचारतात. बाकीचं कशाला विचारतील?

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. बेळगावच्या उद्यमबागेत एक लहानशी फौंड्री होती, पाण्याच्या पंपांचे ओतीव भाग करणारी, तीसेक कामगारांची. तिथे मी हिशेबाला होतो. टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. बी.कॉम. झालेला, वाचनालयाची दोन कार्डं बाळगणारा, आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना मनातल्या मनात हसणारा. मनातल्या मनात अशासाठी, की मोठ्याने हसायला समोर कोणीतरी लागतं. माझ्यासमोर दिवसभरात एकच माणूस असे. आप्पा.

आप्पा मूळचे निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला शिकलेले, आणि फौंड्री सुरू झाली त्या दिवसापासून इथली रोकड सांभाळणारे. रोज जे आलं-गेलं ते कीर्दीत, मग तेच खात्याखात्यांनी वाटून खतावणीत, आणि सगळं मोडीत. एकटाकी, न खोडता. कार्यालयात त्यांच्याशिवाय मोडी कोणाला येत नव्हती. मला त्यांनीच शिकवली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या ताटलीत टाकायचे आणि म्हणायचे, "खा रं बीकॉम. खानावळीच्या आमटीवर अक्षर वळत न्हाय." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. बीकॉमच.

हे मी का सांगतोय? ते माझ्याशी चांगले वागले एवढं सांगून ठेवलं म्हणजे पुढचं सोपं होईल, असं तर नाही ना? सोपं होत नाही. उलट अवघड होतं.

तर — कॉम्प्युटर आला. उद्यमबागेतल्या आमच्या गल्लीत पहिला. त्यासाठी कार्यालयाचा एक कोपरा काचेने बंद केला, थंड हवेचं यंत्र बसवलं, पडदे लावले. मोल्डिंगची काळी वाळू सगळीकडे उडते, म्हणून चपला बाहेर. खंडेनवमीला आम्ही दरवर्षी भट्टीची, लेथची, वजनकाट्याची पूजा करायचो; त्या वर्षी काचेच्या खोलीचीही केली. कोणीतरी पडद्यावरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं, त्यामुळे पुढे आठवडाभर स्क्रीनची वरची ओळ मान वाकडी करून वाचावी लागत होती. मालकांनी भाषण केलं. आजपासून आपण एकविसाव्या शतकात पाऊल टाकत आहोत, म्हणाले. तेवढ्यात वीज गेली. एकविसावं शतक पावणेदोन तासांनी परत आलं.

मी आणि आप्पा मागे उभे होतो. मी त्यांच्या कानात म्हटलं, "आप्पा, नारळ भट्टीला फोडला तेव्हा भट्टी निदान पेटली होती."

"हसू नगंस," ते म्हणाले. "ह्याला भूक न्हाय, पगार न्हाय, म्हातारपण न्हाय. हे बसलं म्हंजे माझं उठायचं आलं."

"तुमच्याशिवाय कसं चालेल?"

"तू हाईस की."

मी होतो. त्या यंत्रात पुण्याहून आणलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं — तेव्हा आम्ही त्याला पॅकेज म्हणायचो — आणि ते चालवायला मला नेमलं होतं. विक्रेत्याचा माणूस दोन दिवस येऊन शिकवून गेला. पगारात दीडशेची वाढ झाली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या वह्यांचं वर्ष बदलायचं. त्या सकाळी वर्षभराचा हिशेब छापील कागदावर पाहुण्यांसमोर बाहेर पडला पाहिजे, असं मालकांनी ठरवलं. मला तीन आठवडे मिळाले.

जाताना विक्रेत्याच्या माणसाने एक गोष्ट बजावली होती — नोंदी कीर्दीवरून भरा, रोजच्या रोज, एकेक. खतावणीवरून भरू नका. मी खतावणीवरून भरल्या. खतावणीत खातेवार एकत्र मिळतं, पानं कमी उलटावी लागतात. बस, एवढंच कारण.

आता एक बारीकशी गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आप्पांच्या खतावणीत डाव्या बाजूला जमा लिहायचे, उजव्या बाजूला नावे — म्हणजे आलेलं डावीकडे, दिलेलं उजवीकडे. मी कॉलेजात शिकलो ती इंग्रजी खातेवही नेमकी उलटी: तिथे उजवीकडे जमा. पॅकेजही इंग्रजी चालीचं. म्हणजे प्रत्येक नोंद भरताना मला डोक्यात बाजू पालटावी लागत होती. शेकडो नोंदींना मी ती पालटली. एका नोंदीला पालटली नाही.

भट्टीच्या कोळशाची लॉरी आली होती. आप्पांनी ड्रायव्हरला गाडीभाड्याचे चार हजार तीनशे रुपये रोख दिले आणि खतावणीत उजव्या बाजूला लिहिले. मी ते यंत्रात जमेला, म्हणजे आलेले म्हणून, भरले. यंत्राने काही विचारलं नाही. ते बेरीज बरोबर करतं. बाकी तुम्ही काय सांगाल ते खरं धरतं. ह्या बाबतीत ते आमच्या मालकांसारखंच होतं.

पाडव्याच्या सकाळी बँकेचे मॅनेजर, आमचे कर-सल्लागार, शेजारच्या दोन कारखान्यांचे मालक असे सगळे काचेबाहेर चपला काढून आत आले. मी कळ दाबली. प्रिंटर किंचाळत चालू झाला, कागद घडीघडीने बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या — कागदाला. मग मालक म्हणाले, "रोख शिल्लक वाचा." मी वाचली. अकरा हजार सातशे चाळीस.

"आता पेटी मोजा, आप्पा."

पाडव्याला पेटी मोजून नव्या वहीत पहिली ओळ लिहायची ही आप्पांची दरवर्षीची रीत. नवं धोतर नेसून आले होते. त्यांनी पेटी उघडली, नोटा मोजल्या, नाणी मोजली. तीन हजार एकशे चाळीस. ते म्हणाले, "बराबर हाय. माझ्या कीर्दीतबी एवढीच शिल्लक हाय."



"आठ हजार सहाशे कमी," कर-सल्लागार म्हणाले. त्यांना वजाबाकी पटकन यायची.

शेजारचे एक कारखानदार हसत म्हणाले, "यंत्र पैसे खात न्हाय बरं का, आप्पा. त्याला तोंडच न्हाय."

लोक हसले. पाहुणे होते, सणाचा दिवस होता, हसायचंच होतं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी कीर्द उचलून मालकांपुढे धरली. "मालक, ओळ न् ओळ बघा."

"तुमची मोडी वाचायला चित्रगुप्त आणू काय?" मालक म्हणाले, आणि वही माझ्याकडे सरकवली. "हे तुलाच येतंय. बघ. कोण चुकलंय, यंत्र की वही?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती, हे मला नीट आठवतं. निश्चिंतपणा होता. आता बीकॉम बघतोय म्हणजे उलगडेल — असा.

मी पानं उलटली. वाचली नाहीत. उलटली. एकेका पानावर बोट फिरवलं, ओठ हलवले, मध्ये एकदा मागे जाऊन पुन्हा पुढे आलो — म्हणजे वाचतोय असं दिसावं. शेकडो नोंदींतून तिथे उभ्या उभ्या चूक सापडली नसती हे खरं. पण "मला दोन दिवस द्या" एवढं म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. मालकांच्या कपाळावर घाम होता, त्या थंड खोलीत. आणि त्या यंत्राला महिनाभर हसणारा मी — त्याच्यासमोरच्या एकमेव खुर्चीत मी होतो. यंत्र चुकलं म्हणजे कोण चुकलं, हे मला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "यंत्र बरोबर आहे. मी दोनदा तपासलंय."

एकदाही तपासलं नव्हतं.

आप्पांनी वही माझ्या हातून परत घेतली, बंद केली, आणि सवयीने तिच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. त्या खोलीत धूळ नव्हती.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही भित्रेपणा म्हणून सोडून द्याल. थांबा. अजून आलं नाही.

भाऊबीज होऊन कामाला लागलो त्या दिवशी, साधारण अकराच्या सुमाराला, मी काचेच्या खोलीत एकटा बसलो होतो. हिशेबाचा एक जुना नियम आहे, पहिल्या वर्षालाच शिकवतात: फरक सापडत नसेल तर त्याचा निम्मा करा आणि ती रक्कम शोधा, एखादी नोंद उलट्या बाजूला पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. आठ हजार सहाशेचे निम्मे चार हजार तीनशे. शोधायला मला दहा मिनिटं लागली. गाडीभाडे, उजवी बाजू, आप्पांचं ठसठशीत अक्षर. मी ते वाचलं. ह्या वेळी खरोखर वाचलं.

काच आणि पडदा. पडद्याच्या फटीतून बाहेर आप्पांचं डेस्क दिसत होतं, आणि डेस्कामागे आप्पा. ते जुनी कीर्द पहिल्या पानापासून बेरीज करत पुन्हा तपासत होते. पेन्सिलीने. ओठ हलत होते — त्यांचे खरोखरच हलत होते.

बारा पावलांचं अंतर असेल. चपला घालायलाच काय तो वेळ लागला असता.

मी उठलो नाही.

का? ह्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. नोकरी जाईल. मालक सगळ्यांदेखत तोंडावर पडतील. आप्पांचं निवृत्तीचं वय झालंच आहे. प्रत्येक उत्तर दिलं की थोडा वेळ बरं वाटायचं, एवढीच त्याची किंमत. खरं उत्तर क्षुल्लक आहे. त्या गल्लीत कॉम्प्युटर चालवता येणारा एकटा माणूस मी होतो, आणि मला ते आवडायला लागलं होतं. ज्या थाटाला मी हसत होतो त्याच्या आतली खुर्ची मऊ होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते पिशवी घेऊन. मालकांपुढे रुमाल सोडला. आठ हजार सहाशे, शंभराच्या नोटा. "चूक सापडत न्हाय मालक," म्हणाले. "पण पेटी माझ्या ताब्यात हुती. कमी पडलं तर मीच भराय पायजे." पैसे कुठून आले हे त्यांनी सांगितलं नाही. मालकांना तेवढ्यानेही अवघडल्यासारखं झालं असावं, ते म्हणाले, "मी काही मागितले नव्हते, आप्पा." पण घेतले. आणि मला म्हणाले, "पावती दे त्यांना."

मी दिली. यंत्रावर छापून दिली. त्या वेळेपर्यंत मला सगळं माहीत होतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो, म्हणजे वाचताना घाईत सुटून जायला नको. आप्पांनी पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली. "अक्षर झ्याक येतंय रं ह्याचं," म्हणाले. महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं आणि बायकोला घेऊन निपाणीला भावाच्या घरी राहायला गेले.

त्यानंतर मी काचेच्या खोलीतच जेवायला लागलो. कामगार आत येत नसत. त्यांना सांगितलं होतं की श्वासानेसुद्धा यंत्र बिघडतं. मालक बाहेरूनच काचेवर टकटक करून कागद मागायचे. दाराबाहेर चपलांचा एकच जोड असायचा. संध्याकाळी घरी जाताना कधीकधी लक्षात यायचं की आज दिवसभरात आपण तोंडाने एक शब्द बोललेलो नाही; आणि यंत्राने जे काही विचारलं त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. पुस्तकं वाचायचो. दोन कार्डांची चार कार्डं झाली. लोकांना वाटायचं, विद्वान माणूस आहे, कमी बोलतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी निपाणीला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. संकेश्वरला बस थांबली तेव्हा उतरून उसाचा रस प्यालो आणि परतीच्या बसची वेळ विचारून ठेवली. परतीची वेळ आधी विचारणारा माणूस काय सांगणार आहे, हे त्या स्टँडवरच्या कंट्रोलरला कळलं असतं.

आप्पा ओसरीवर बसले होते. मला बघून घाईने उठले. "ए, कोण आलंय बघ. बीकॉम आलाय." त्यांची बायको, जिला आम्ही आक्का म्हणायचो, पाणी घेऊन आली. पूर्वी फौंड्रीच्या पूजेला यायची तेव्हा तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या असत. आता हिरव्या बांगड्या होत्या, दोन्ही हातांत सारख्या. मी तांब्याकडे बघत पाणी प्यालो.

"तंबाखूच्या वखारीत परत जाणार होतात ना, आप्पा?" मी विचारलं.

"बोलावणं आलतं. गेलो न्हाय."

"का?"

आक्काच बोलली. "काय सांगू बाबा. बाजारातनं आलं की सुटे पैसे माझ्या हातात देत्यात. म्हणत्यात, तू मोज. मी अडाणी बाई, मला काय मोजाय येतंय? तीस वर्सं दुसऱ्याचं मोजलं, आता घरचं दूधवाल्याचं धरवत न्हाय."

"तू गप गं," आप्पा म्हणाले, पण रागाने नाही. आक्का चहा करायला आत गेली तेव्हा ते माझ्याजवळ सरकले. आवाज बारीक केला, जणू काही लाजिरवाणं विचारायचंय.

"बीकॉम, एक इचारू? पैशाचं न्हाय, ते गेलं. मी कीर्द तीनदा लावली रं. माझ्यात जुळतंय. पण यंत्रात जुळत न्हाय म्हंजे माझ्यातच कुठंतरी खोट हाय, जी मला दिसत न्हाय. डोळं गेलं का डोस्कं गेलं, काय कळंना. तुला सापडली काय कुठं? नुसतं कळाय पायजे. कुठलं पान हुतं एवढं सांग."

पान एकशे बारा.

तो आकडा माझ्या जिभेवर होता. त्यांना पैसे परत नको होते, माफी नको होती, माझं नावही त्यात येण्याची गरज नव्हती. मी "हिशेबात गफलत झाली होती, तुमचं बरोबर होतं" एवढं म्हणालो असतो तरी त्या माणसाला त्याचं डोकं परत मिळालं असतं. दुसऱ्या दिवशी तो वखारीत जाऊन बसला असता. एवढं स्वस्त होतं.

मी म्हटलं, "नाही, आप्पा. सापडली नाही."

त्यांनी मान हलवली. "व्हय. तुला सापडली न्हाय म्हंजे लईच बारीक असणार." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला — माझं समाधान करायला. मला सापडली नाही म्हणून.

आक्काने जाताना भाकऱ्या बांधून दिल्या. तीन वाजताची बस मिळाली.

आप्पा त्यानंतर चार वर्षं जगले. त्यांनी पुन्हा कोणाचाही हिशेब लिहिला नाही. हे मला उद्यमबागेत कोळसा घेऊन येणाऱ्या निपाणीच्या एका लॉरीवाल्याने सांगितलं, भाडं घेता घेता. मी त्याला पैसे दिले, सही घेतली, आणि नोंद केली. बाजू दोनदा पाहिली.

आप्पांनी विचारलं त्या रविवारी ती चूक दुरुस्त होऊन सहा महिने झाले होते, हे सांगायचं राहिलं. ताळेबंद कर-सल्लागाराकडे जाण्याआधी मी एका दुपारी गाडीभाड्याची नोंद सरळ केली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यामुळे पेटीत आठ हजार सहाशे जास्त दिसायला लागले — ते आप्पांचे. त्यांना यंत्रात कुठलं तरी खातं द्यावंच लागतं, खात्याशिवाय ते रक्कम घेत नाही. मी 'किरकोळ उत्पन्न' हे खातं निवडलं. ताळेबंद पैशापर्यंत जुळला. कर-सल्लागारांनी सही केली, आणि त्या रकमेवर रीतसर, मुदतीच्या आत, आयकर भरला गेला.